सहाव्या मोज्यातली बाटली

२ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. उचलला असतास तरी पत्रच लिहिलं असतं, कारण हे बोलून सांगताना मला धाप लागली असती.

वाइनच्या दुकानातल्या बाई तुला माहीत आहेत. दर शनिवारी मी त्यांच्याकडून एक बाटली घेते आणि तासभर उभ्या उभ्या बोलते. या शनिवारी त्यांनी विचारलं, तुम्ही एरवी काय करता. मी म्हटलं, टाइल्सच्या शोरूममध्ये बसते आणि हा करडा त्या करड्याहून वेगळा कसा ते लोकांना पटवून देते. त्या म्हणाल्या, मग अर्धं काम येतंच तुम्हाला. डिसेंबरपासून दुकानाच्या मागच्या खोलीत त्या महिन्यातून दोनदा वाइन चाखायची बैठक भरवणार आहेत. ती चालवायला माणूस हवा आहे. जमलं तर पुढे काउंटरही. म्हणजे मामा, करडा रंग सुटेल.

अट एकच. आधी एक बैठक माझ्या घरी करायची. त्या पाहुण्यासारख्या येऊन बसणार आणि बघणार. एकवीस तारीख ठरली, रविवार.

आता अडचण ऐक. आमच्याकडे पेले चार, त्यातल्या एकात दात घासायचे ब्रश आहेत. खुर्च्या पाच. खर्चाचं म्हणशील तर वॉशिंग मशीननं गेल्याच महिन्यात मान टाकली. नवरा म्हणतो, घर विकून वाइन आण आणि पाहुण्यांना फुटपाथवर बसव. म्हणतो असं, पण निमंत्रणं रंगवायला बसलाय. चित्रकलेच्या मास्तरशी लग्न केल्याचा हा पहिला फायदा.

तीस वर्षं तू पिपांत नाक घालून काढलीस. कुठल्या पिपातली किती घ्यायची हे तुझं नाक ठरवायचं. थोडक्यात कसं भागवायचं ते सांग. आणि तू ये. टेबलाच्या टोकाची खुर्ची तुझी. तू तिथे बसलास तर माझा आवाज कापणार नाही.

तुझी
भिंगरी


६ ऑक्टोबर

भिंगरे,

आशीर्वाद वगैरे वर लिहिलेत असं समज. काटकसर इथूनच सुरू करू.

बाटल्या विकत घेऊ नकोस. पाहुण्यांना एकेक आणायला सांग. सगळ्यांनी एकाच जातीच्या द्राक्षाची, शिराझच आणायची, आणि तू ठरवशील त्या किमतीच्या आतली. महाग बाटली आणणारा माणूस पूर्ण वेळ स्वतःच्या बाटलीकडेच बघत बसतो. आल्या आल्या बाटल्या झाकून टाक आणि नंबर दे. कोणाची कुठली हे शेवटपर्यंत कोणाला कळता कामा नये. तुलासुद्धा.

पेले स्वस्त चालतील, पण सारखे हवेत. पेल्याखाली पांढरा कागद. प्रत्येकाला दोन बोटं वाइन, जास्त नाही.

चारला बोलाव. लोक जेवून येतात आणि रात्रीचं जेवण घालावं लागत नाही. साधा पाव आणि पाणी ठेव. चीज अगदी शेवटी, कारण चीजबरोबर वाईट वाइनही बरी लागते. थुंकायला भांडं ठेव. कोणी थुंकणार नाही, पण ठेव. अत्तर लावून येऊ नका, हे निमंत्रणावर मोठ्या अक्षरात लिही.

नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा. आपला वास आपल्याला कोरा वाटतो. हे तुला शिकवलेलं आठवत असेल. आठ वर्षांची होतीस. तळघरात डोळे मिटून उभी राहायचीस आणि मी नाकासमोर काय धरलंय ते सांगायचीस. गंजलेलं कुलूप धरलं तेव्हा म्हणालीस, शाळेचं फाटक.

माझं येणं जमणार नाही. गुडघा.

मामा


११ ऑक्टोबर

प्रिय मामा,

पेले मिळाले. चोवीस, सगळे सारखे. शोरूमच्या समोरचं रेस्टॉरंट फरशी बदलण्यासाठी बंद आहे. मालकाला चार करड्यांतून एक निवडता येत नव्हता. मी निवडून दिला आणि बदल्यात पेले मागितले. सहा वर्षांत त्या कामाचा पहिल्यांदा उपयोग झाला.

बाटल्या झाकायला नवऱ्यानं शाळेतल्या फुटबॉलच्या संघाचे हरवलेले मोजे आणलेत. ज्यांचा जोडीदार सापडत नाही असे सहा. दोनदा धुतले आणि त्यावर रंगानं एक ते सहा आकडे घातले. मोजा बाटलीला असा बसतो की जणू तिच्यासाठीच विणलाय.

पाहुणे पाच. दुकानातल्या बाई, वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, माझी नणंद, शोरूममधला कॅशियर आणि प्लंबर. प्लंबर कसा, तर सिंक दुरुस्त करायला आला होता. टेबलावर वाळत घातलेली निमंत्रणं बघून विचारलं, इथे प्लंबर चालतो का. मी म्हटलं, बाटली आणली तर चालतो. नणंद नवऱ्याला म्हणाली, दादा, तुझ्या घराचा गुत्ता झाला म्हणायचा. मग हळूच मला विचारलं, कुठली बाटली आणू.

पाच पाहुण्यांच्या पाच बाटल्या, सहावी यजमानांची. ती अजून घ्यायची आहे.

मामा, खरं सांग. गुडघ्याला बसायला काय होतं? नवरा गाडी घेऊन येईल, दारातून दारात. की कॅशियर आणि प्लंबर यांच्या बाटल्यांसमोर बसायला तुला कमीपणा वाटतो? तसं असेल तर स्पष्ट लिही. मी रागावेन, पण समजून घेईन.

भिंगरी


१५ ऑक्टोबर

भिंगरे,

कमीपणा नाही. प्लंबरचा तर मुळीच नाही. गुडघा आहे आणि मांजर आहे, मांजराला एकटं ठेवता येत नाही. काल मी बाहेर होतो तेवढ्यात दूध करपलं, घरभर धूर. शेजारीण धावत आली. अशा घरातून माणूस हलणार कसा?

सहावी बाटली घेऊ नकोस. वाइनरीचा ट्रक शुक्रवारी तुमच्याकडे येतो. ड्रायव्हरबरोबर दोन पाठवतो. नऊ वर्षांपूर्वी मी लावलेलं मिश्रण आहे, शिराझच. चाळीस बाटल्या घरासाठी भरल्या होत्या, त्यातल्या या शेवटच्या तीन. तिसरी परवा उघडून पाहिली. अजून तशीच आहे. काळी मनुका, मिरी, चामडं. एक सहाव्या मोज्यात घाल. दुसरी तुम्हा दोघांसाठी.

शेवटचा नियम. वाइन खराब असेल तर खराब म्हणायचं, मग ती कोणीही आणलेली असो. पाहुण्याचं मन राखायला दुसऱ्या गोष्टी असतात. जो हे म्हणू शकत नाही त्यानं बैठक चालवू नये.

मामा


२२ ऑक्टोबर

प्रिय मामा,

मिळालं. एक डिसेंबर, शनिवार, पहिली बैठक. काम माझं. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. मला शांतपणे लिहिता येत नाहीये.

सव्वातीनलाच नणंद आली. म्हणाली, मदतीला आले, आणि सोफ्यावर बसून राहिली. पावणेचारला प्लंबर. इस्त्रीचा शर्ट आणि बाटली वर्तमानपत्रात अशी गुंडाळलेली की जणू पाना. बाई बरोब्बर चारला आल्या आणि मोज्यांकडे बघून हसल्या. पहिली बाटली नवऱ्यानं ओतली.

पहिली दहा मिनिटं अवघडच गेली. सगळे पेल्यात बघत बसले, परीक्षेत प्रश्न न समजल्यासारखे. मग मी तुझा खेळ काढला. म्हटलं, वाइनचं नाव सांगू नका. डोळे मिटा आणि कुठली जागा आठवते ते सांगा. डॉक्टर म्हणाले, आजोबांचं औषधांचं कपाट. कॅशियर म्हणाला, नवीन नोटांचं बंडल. यावर नणंद म्हणाली, तुम्हाला स्वप्नातही तेच दिसत असणार. आणि सुटले सगळे. दोन नंबरला प्लंबर म्हणाला, गॅरेजमधलं रबर, पण उन्हात तापलेलं. बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, अहो, आम्हाला नळ उघडायच्या आधी कळतं आत काय सडलंय, हे तर सोपं आहे. तीन नंबर सगळ्यांना आवडली. चार नंबर नणंदेनं चक्क थुंकली, आणि मोजा काढल्यावर ती तिचीच निघाली. म्हणाली, दुकानदारानं फसवलं. तो दुकानदार म्हणजे बाईच. बाई म्हणाल्या, बदलून देते. आम्ही पोट धरधरून हसलो. पाच नंबर बाईंची होती आणि ती तिसरीपुढे फिकी पडली. तिसरी प्लंबरची. सगळ्यात स्वस्त. तो कानापर्यंत लाल झाला.

सहावी तुझी. छान होती. सगळ्यांना आवडली.

पाव पुरला, चीज उरलं, पेला एकही फुटला नाही. टोकाची खुर्ची रिकामी ठेवली होती. कॅशियर तिच्यावर आपला कोट ठेवू लागला, मी ठेवू दिला नाही.

भिंगरी


२६ ऑक्टोबर

भिंगरे,

पत्र चार वेळा वाचलं. शेजारणीला वाचून दाखवलं. तुझ्या नणंदेला माझा नमस्कार सांग. इतक्या वर्षांत स्वतःची बाटली थुंकणारा माणूस मी पाहिला नाही.

आता दुसरं. पाच बाटल्यांवर तू दीड पान लिहिलंस आणि सहावीवर तीन वाक्यं. त्यात एक शब्द 'छान'. तू नऊ वर्षांची असताना या शब्दावर मी तळघरात बंदी घातली होती. छान म्हणजे सांगायचं नाहीये.

काय झालं ते लिही.

मामा


३० ऑक्टोबर

प्रिय मामा,

लिहिते. आठ दिवस टाळलं.

तू बजावलं होतंस की कुठली कोणाची हे सांगायचं नाही. पाच बाटल्या मी तोंड शिवून ठेवलं. सहावीला राहवलं नाही. ओतताना म्हटलं, ही माझ्या मामाच्या हातची, मी वाइन शिकले ती याच्याकडून. सगळे सरसावून बसले. मी पेला नाकाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला.

डॉक्टर म्हणाले, वा, भारदस्त. कॅशियर म्हणाला, फरक कळतो. नणंदही म्हणाली, याला म्हणतात वाइन. बाई पेला हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. प्लंबर अस्वस्थ होता. पेला खाली ठेवायचा, उचलायचा. मी त्याला विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

तो म्हणाला, "ताई, राग मानू नका. तळघरात पाणी शिरून पुठ्ठ्याची खोकी भिजतात ना, चार दिवसांनी दार उघडल्यावर जो वास येतो, तो आहे हा."

मी टोकाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. ही खराब झाली आहे. बूच बिघडलं की असं होतं. कोणी पिऊ नका."

आणि तुझी वाइन मी स्वतःच्या हातानं थुंकायच्या भांड्यात ओतली. सातही पेले.

बाई निघताना दारात म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुम्ही मामांना सांभाळून घ्याल." एवढंच. मग तारीख सांगितली. म्हणजे मामा, काम मला तुझ्या बाटलीमुळे मिळालं, आणि ते तुला सांगायची माझी हिंमत होत नव्हती.

पण खरं कारण हे नाही. बूच कोणाचंही बिघडतं. बाटल्या मोज्यांत नवऱ्यानं घातल्या होत्या. मोजा काढला तेव्हा बाटलीच्या गळ्याशी तुझी जुनी चिठ्ठी सापडली, नऊ वर्षांपूर्वीची. त्यावर लिहिलंय: काळी मनुका, मिरी, चामडं. तुझ्या पत्रातही तेच, त्याच क्रमानं. नऊ वर्षांत वाइन तशीच राहत नाही, हे तूच मला शिकवलंस. तू एकाच वाइनबद्दल दोन दिवस लागोपाठ सारखं बोलल्याचं मला आठवत नाही.

आणि दूध. शेगडीवर दूध ठेवून बाहेर जाणारा तू नव्हेस. तरी दूध करपलेलं शेजारणीला आधी कळलं.

मामा, तुला वास येत नाही का?

भिंगरी


१४ नोव्हेंबर

भिंगरे,

नाही येत.

अडीच वर्षं झाली. आठवडाभर ताप होता. बरा झाल्यावर सकाळी कॉफी केली तर कपात नुसतं गरम पाणी. वाटलं, येईल आठवड्यात. तीन महिने जुन्या वह्या बघून काम रेटलं. गेल्या वर्षीचं बघायचं आणि अंदाजानं सांगायचं. कोणाला कळलं नाही. मग एक पीप आंबलं. मी त्याच्या शेजारी दोन दिवस काम करत होतो. वाइनरीतल्या नव्या पोरीनं दारातूनच ओळखलं. त्या दुपारी मी गुडघ्याचं कारण लिहून राजीनामा दिला. गुडघा धडधाकट आहे.

तिसरी बाटली मी उघडली होती, एवढं खरं. त्यापुढचं चिठ्ठी वाचून लिहिलं. दूध करपलं तेव्हा बाहेर नव्हतो. शेगडीसमोर बसून पेपर वाचत होतो.

जीभ आहे. आंबट, गोड, तुरट कळतं. बाकी भिंत.

तुझ्या टेबलाच्या टोकाला बसून मी काय केलं असतं? सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले असते, आणि त्या दिवशी मी 'वा' म्हटलं असतं, तुझ्या डॉक्टरांसारखं. तुझं काम गेलं असतं. तू भांड्यात ओतलीस ते योग्य केलंस. तिथे मी असतो तर मीही तेच करायला सांगितलं असतं, असं लिहिणार होतो. पण मला कळलंच नसतं.

एक तारखेला यायचा आग्रह करू नकोस.

मामा


१८ नोव्हेंबर

प्रिय मामा,

आग्रह करत नाही. एक काम सांगते.

समोर एक बाटली आहे, मोज्यात. कुठली ते तुला सांगणार नाही. सकाळचे अकरा वाजलेत, मी बाहीचा वास घेतलाय, डोळे मिटलेत. नवरा लिहून घेतोय, म्हणून अक्षर सुंदर आहे. आता तू ओळख.

पहिल्यांदा काहीच नाही. नुसता गारवा, दगडी पायरीसारखा. पेला फिरवला. आता मनुका, पण मनुका नव्हे. मनुका संपलेला डबा, तळाशी थोडी साखर चिकटलेला. जरा थांबले. मिरी मागे गेली आहे, शेजारच्या घरात कोणीतरी कुटतंय एवढी दूर. पेन्सिलीला नुकतंच टोक केलंय. आणि या सगळ्याखाली काहीतरी आहे, ते मला पटकन सापडेना. तीनदा बाहीकडे गेले. मग सापडलं. घड्याळाचा पट्टा. नवा नाही. घामानं मऊ झालेला, रात्री काढून उशीशी ठेवलेला.

घोट घेतला. आंबटपणा सरळ रेघेसारखा. तुरटपणा लगेच नाही, गिळल्यावर.

एवढंच. उत्तर पाठव. नवरा म्हणतो, अशी उत्तरपत्रिका त्यानं कधी तपासली नाही.

भिंगरी


२४ नोव्हेंबर

भिंगरे,

पत्र दुपारी आलं. उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

तुरटपणा गिळल्यावर येतो आणि वरच्या हिरड्यांवर जास्त राहतो. हे तू लिहिलं नाहीस, पण बघ, तसंच असेल. तो तिसऱ्या पिपाचा. गारव्यासाठी मी सातव्यातली थोडी घेतली होती, सगळे नको म्हणत असताना.

ती माझीच आहे. मी पाठवलेली दुसरी.

चिठ्ठीवर मी 'चामडं' लिहून थांबलो होतो. आणखी काहीतरी आहे हे कळत होतं आणि नाव सापडत नव्हतं. सगळा दिवस त्या पेल्याभोवती फिरलो होतो. घड्याळाचा पट्टा. नऊ वर्षं लागली. तुझा शब्द वाचला आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा, नाकात नव्हे, पण कुठेतरी आत, आला.

उरलेली संपवू नका. बूच घट्ट लावून थंड जागी ठेवा. हिरड्यांचं बघून घे आणि कळव.

मांजर शेजारणीकडे राहील. ते तसंही तिथेच राहतं. गुडघ्याचं तुला माहीत आहे. एक तारखेला वाइनरीच्या गाडीनं येतो, साडेतीनपर्यंत पोचेन. बाईंना सांग, मिश्रण करणारा मामा नको, साधा पाहुणा समजा. माझी बाटली मी घेऊन येईन, तुम्ही ठरवाल त्या किमतीच्या आतली.

टोकाची खुर्ची प्लंबरला दे. माझी तुझ्या शेजारी ठेव. प्रत्येक पेला उचललास की मला हळूच सांगत जा.

मामा